‘पिशवीत गाठ आहे’ म्हणजे नेमके काय? रिपोर्टवरचे शब्द समजून घेऊया

‘पिशवीत गाठ आहे.’ आपल्या वस्तीतल्या कुठल्याही महिला मंडळात आरोग्याचा विषय काढा, हे वाक्य पाच-सात जणींच्या तोंडून ऐकू येते. मागोमाग दुसरे येते, ‘डॉक्टर म्हणाले, कॅन्सर होईल, काढून टाका.’ आणि मग तिसरे, ‘काढली. तेव्हापासून कंबर धरते, काम होत नाही.’ या सगळ्यात एक प्रश्न विचारला जायला हवा होता आणि तो बहुतेक वेळा कुणीच विचारलेला नसतो. कसली गाठ? तिचे नाव काय?

मराठीत ‘गाठ’ हा शब्द फार ऐसपैस आहे. मानेवर सुजते ती गाठ, छातीत हाताला लागते ती गाठ, आणि कॅन्सर झाला तरी म्हणायचे गाठच. डॉक्टरांच्या कागदावर मात्र गर्भाशयातल्या या एका ‘गाठी’साठी अनेक वेगवेगळी नावे असतात. काही नावे अशी की अधूनमधून तपासणी करून निर्धास्त राहावे. काही अशी की गोळ्यांनी भागते. आणि काही मोजकीच अशी की तिथे वेळ घालवून चालत नाही. कागद इंग्रजीत आणि बोलणे मराठीत, त्यामुळे मधल्या मध्ये ही सगळी नावे गळून पडतात आणि बाईच्या हातात उरते ती फक्त गाठ आणि भीती.

परिभाषेच्या पुस्तकात ट्यूमरला ‘अर्बुद’ असा शब्द आहे, पण वस्तीत तो कुणी बोलत नाही. म्हणून या लेखात आम्ही रिपोर्टवर प्रत्यक्ष छापून येणारे शब्दच घेऊन ते साध्या मराठीत उलगडत आहोत. लेख वाचून कुणी घरच्या घरी निदान करू नये. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचे हे कळावे, एवढ्यासाठी तो आहे.

नाव न कळण्याची किंमत

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरात सुमारे सतरा. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट तंतोतंत जुळत नसले तरी फरक डोळ्यांत भरणारा आहे.

ऊसतोडीच्या फडात दलित, भटके-विमुक्त आणि मागास समाजातील कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, पाळीच्या त्रासाने एक दिवस बसले तरी खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. फडावर ना संडास, ना पाण्याची सोय. अशा वेळी अंगावरून जास्त जाते म्हणून दवाखान्यात गेलेल्या तिशीतल्या बाईला ‘पिशवीत गाठ आहे, कॅन्सर होईल’ असे सांगितले, तर ती पुन्हा उचल घेऊन ऑपरेशन करते. तिची ही निवड अडाणीपणातून आलेली नसते. तिला मिळालेली माहिती अपुरी असते आणि तिच्यासमोर दुसरा पर्याय ठेवलेलाच नसतो.

हा प्रकार महाराष्ट्रापुरता नाही. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधील अनावश्यक शस्त्रक्रियांबाबत डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने तिचा निकाल दिला. आरोग्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे न्यायालयाने सांगितले, आणि अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. या स्त्रियांमध्ये अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गातील स्त्रियांचा भरणा होता, ही बाबही त्या प्रकरणात पुढे आली.

कायदा झाला, निकाल लागला. पण दवाखान्यातल्या खुर्चीवर बसलेल्या बाईला रिपोर्टवरचा शब्द कळत नसेल, तर निकाल तिच्यापर्यंत पोचत नाही.

आधी पिशवीची रचना

गर्भाशय म्हणजे पेरूच्या आकाराची, स्नायूंची पोकळ पिशवी. निरोगी अवस्थेत ती साधारण मुठीएवढी असते. तिला तीन थर असतात. सर्वांत आतले मऊ अस्तर म्हणजे एंडोमेट्रियम. दर महिन्याला हेच अस्तर वाढते आणि पाळीत गळून जाते. मधली जाड, स्नायूंची भिंत म्हणजे मायोमेट्रियम. बाहेरून असलेले पातळ आवरण म्हणजे सेरोसा. पिशवीचे खालचे तोंड म्हणजे सर्व्हिक्स. दोन बाजूंना दोन बीजांडकोश, म्हणजे ओव्हरी. त्या पिशवीचा भाग नाहीत, शेजारी आहेत.

एवढे चित्र डोक्यात ठेवले की निम्मा रिपोर्ट उलगडतो, कारण बहुतेक नावे ‘कुठल्या थरात काय झाले’ एवढेच सांगतात.

शब्दांची शेपटे ओळखा

वैद्यकीय शब्द लांबलचक दिसतात, पण त्यांची शेपटे ठरलेली असतात.

‘ओमा’ म्हणजे वाढ किंवा गाठ. मायोमा म्हणजे स्नायूची गाठ, लायपोमा म्हणजे चरबीची गाठ. शेवटी ओमा आले म्हणजे कॅन्सर, असे नाही. मात्र ‘कार्सिनोमा’ आणि ‘सार्कोमा’ हे दोन शब्द कॅन्सरचेच आहेत. ते दिसले तर उशीर नको.

‘ओसिस’ म्हणजे एखादी अवस्था किंवा विकार. ‘आयटिस’ म्हणजे दाह, सूज. ‘प्लेझिया’ म्हणजे पेशींची वाढ. ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणे.

आणखी एक जोडी महत्त्वाची. ‘बिनाइन’ म्हणजे साधी, शरीरात इतरत्र न पसरणारी वाढ. ‘मॅलिग्नंट’ म्हणजे कॅन्सरची, पसरणारी वाढ. ट्यूमर हा शब्द दोन्हींना लागतो. म्हणून ‘ट्यूमर आहे’ असे कुणी म्हटले तर पुढचा प्रश्न एकच: बिनाइन की मॅलिग्नंट?

फायब्रॉइड: नावे चार, गोष्ट एक

पिशवीतल्या साध्या गाठींमध्ये सर्वाधिक आढळते ती ही. रिपोर्टवर कधी फायब्रॉइड, कधी मायोमा, कधी लायोमायोमा, कधी फायब्रोमायोमा असे लिहिलेले असते. चारही नावे एकाच गाठीची आहेत. एका सोनोग्राफीत फायब्रॉइड आणि दुसरीत मायोमा असे आले, तर नवा आजार झाला असे समजून घाबरायचे कारण नाही.

‘लायोमायोमा’ची फोड अशी: ग्रीक भाषेत ‘लायोस’ म्हणजे गुळगुळीत, ‘मायो’ म्हणजे स्नायू, ‘ओमा’ म्हणजे गाठ. गर्भाशयाची भिंत ज्या गुळगुळीत स्नायूंची बनलेली असते, त्याच स्नायूंची ही गाठ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी ती स्नायूपासून बनते हे दाखवले. ‘फायब्रॉइड’, म्हणजे तंतूंसारखे, हे नाव त्या मानाने चुकीचे आहे, पण तेच रूढ झाले.

ही गाठ किती सर्रास आढळते? अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की वयाच्या पन्नाशीपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी जवळपास ७० टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींना फायब्रॉइड झालेले असते. त्यांतल्या कितीतरी जणींना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. त्रास नसेल तर बहुतेक वेळा उपचारही लागत नाहीत. पाळी बंद झाल्यावर हार्मोन कमी होतात आणि ही गाठ सहसा आपोआप आकसते. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला हे सांगणे फार मोलाचे असते.

फायब्रॉइडच्या नावापुढे जागा लिहिलेली असते. ती नीट वाचा.

‘सबम्यूकोझल’ म्हणजे आतल्या अस्तराला लागून, पोकळीकडे डोकावणारी. ही लहान असली तरी रक्तस्राव जास्त करते. ‘इंट्राम्युरल’ म्हणजे भिंतीच्या आत. ‘सबसेरोझल’ म्हणजे बाहेरच्या आवरणाकडे वाढणारी. तिने पाळीचा त्रास सहसा होत नाही, पण मोठी झाली तर लघवीच्या पिशवीवर किंवा आतड्यावर दाब येतो. ‘पेडंक्युलेटेड’ म्हणजे देठाला लोंबणारी. काही रिपोर्टवर ‘फिगो टाइप’ आणि ० ते ८ यांपैकी एक आकडा असतो. फिगो ही स्त्रीरोगतज्ज्ञांची जागतिक संघटना. हा आकडा गाठीची जागा सांगतो. ० म्हणजे पोकळीत लोंबणारी, ४ म्हणजे पूर्ण भिंतीत, ७ म्हणजे बाहेर लोंबणारी. कॅन्सरच्या पायरीशी, म्हणजे ‘स्टेज’शी, या आकड्याचा काही संबंध नाही. ‘टाइप ४’ वाचून ‘चौथी स्टेज’ असा अर्थ काढू नका आणि इतरांनाही काढू देऊ नका.

आकाराचेही तसेच. रिपोर्टवर ‘१८ × १५ मिमी’ असे असते तेव्हा अठरा हा आकडा मोठा वाटतो. अठरा मिलिमीटर म्हणजे दोन सेंटिमीटरही नाही, एका बोराएवढी गाठ. पन्नास मिलिमीटर म्हणजे पाच सेंटिमीटर, लिंबाएवढी. आणि ‘युटेरस १२ आठवड्यांच्या आकाराचे’ असे लिहिले असेल तर गर्भाशय बारा आठवड्यांच्या गरोदरपणात असते तेवढे वाढले आहे, एवढाच अर्थ. बाई गरोदर आहे किंवा गाठ बारा आठवड्यांपूर्वी झाली, असे त्यातून निघत नाही.

पॉलिप, ॲडेनोमायोसिस आणि ‘बल्की’

पॉलिप म्हणजे आतल्या अस्तरातून किंवा पिशवीच्या तोंडातून वाढून लोंबणारा मऊ मांसाचा तुकडा. फायब्रॉइड स्नायूचे, पॉलिप अस्तराचा. बहुतेक पॉलिप साधे असतात. दोन पाळ्यांच्या मध्ये डाग पडणे हे त्यांचे नेहमीचे लक्षण. दुर्बिणीने तेवढाच तुकडा काढता येतो आणि तपासायला पाठवता येतो. त्यासाठी अख्खी पिशवी काढण्याची सहसा गरज नसते. पाळी बंद झालेल्या बाईत पॉलिप सापडला तर तो तपासणे अधिक महत्त्वाचे.

ॲडेनोमायोसिस ही खरे तर गाठच नाही. आतल्या अस्तरासारख्या पेशी स्नायूंच्या भिंतीत शिरतात, भिंत जाड होते, पाळीत कळा येतात, रक्त जास्त जाते. कधी हा भाग एका जागी गोळा होऊन गाठीसारखा दिसतो, त्याला ॲडेनोमायोमा म्हणतात. फायब्रॉइड सोलून काढता येते, कारण त्याला कड असते. ॲडेनोमायोसिसला तशी कड नसते. म्हणून उपचाराची वाट वेगळी, आणि म्हणूनच नाव नीट विचारायला हवे.

‘बल्की युटेरस’ हा शब्द आपल्याकडच्या रिपोर्टवर फार दिसतो आणि त्याचे भाषांतर ‘पिशवीला सूज’ असे होते. बल्की म्हणजे नेहमीपेक्षा जरा मोठी. हे फक्त वर्णन आहे, निदान नाही. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असतेच. तसेच ‘रेट्रोव्हर्टेड’ म्हणजे पिशवीचा कल मागच्या बाजूला. ‘पिशवी उलटी झाली’ असे सांगून घाबरवले जाते, पण अनेक स्त्रियांची ठेवणच तशी असते.

रिपोर्टवर ‘ईटी’ असेही लिहिलेले असते. ही आतल्या अस्तराची जाडी. पाळी सुरू असलेल्या बाईत ती महिन्यात कमी-जास्त होते. पाळी यायच्या आधीच्या दिवसांत १२ मिमी भरली तरी ती सामान्य असू शकते. पाळी बंद झालेल्या बाईला रक्तस्राव होत असेल आणि जाडी ४ मिमीपेक्षा जास्त असेल, तर मात्र तपासणी पुढे न्यायलाच हवी. आकडा दोघींच्या कागदावर एकच असला तरी त्याचा अर्थ वेगळा असतो.

जिथे सावध व्हायचे तो शब्द

‘हायपरप्लेझिया’ म्हणजे आतल्या अस्तराची अति वाढ. हे नाव साधारणपणे बायोप्सीनंतर येते. ज्याला लोक ‘क्युरेटिंग’ किंवा ‘पिशवी साफ करणे’ म्हणतात, त्यात निघालेले अस्तर प्रयोगशाळेत पाठवले जाते. रिपोर्टवर पुढचे दोन शब्द वाचायचे. ‘विदाउट ॲटिपिया’ असेल तर पेशींचे रूप बिघडलेले नाही. कॅन्सरचा धोका कमी, आणि हार्मोनच्या औषधांनी बहुतेकींचे भागते. ‘विथ ॲटिपिया’ किंवा ‘ॲटिपिकल’ असेल तर पेशींचे रूप बिघडू लागले आहे. इथे कॅन्सरचा धोका खरोखर मोठा असतो आणि गर्भाशय काढण्याचा सल्ला योग्य ठरू शकतो.

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ‘सगळी ऑपरेशने लुबाडण्यासाठीच असतात’ असा उलटा समजही जीव घेऊ शकतो. आपल्याला गरजेचे ऑपरेशन थांबवायचे नाही. गरजेचे कुठले आणि बिनगरजेचे कुठले, हे कळायला हवे.

गाठ म्हणून सांगितले जाणारे इतर प्रकार

ओव्हरीतील ‘सिस्ट’ म्हणजे पाण्याची पिशवी. ती गर्भाशयात नसते. पाळी येणाऱ्या स्त्रियांमध्ये लहान, साध्या सिस्ट होतात आणि बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांत आपोआप जातात.

‘नॅबोथियन सिस्ट’ म्हणजे पिशवीच्या तोंडावरचे चिकट स्रावाचे बारीक फोड. हे सामान्य आहे.

‘इरोजन’ या शब्दाचे भाषांतर ‘पिशवीला जखम’ असे केले जाते. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा तोंडाच्या आतला लालसर थर बाहेर दिसत असतो, एवढेच. त्याला आता ‘एक्ट्रोपियन’ म्हणतात. तरुण, गरोदर किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये तो दिसतोच. अंगावरून पांढरे जाते आणि ‘जखम’ आहे, एवढ्यावरून पिशवी काढणे योग्य नाही. पांढरे जाण्यावर औषधे आहेत. शंका असेल तर पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करावी. तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी ही तपासणी शासकीय आरोग्य व्यवस्थेच्या कार्यक्रमात आहे.

फायब्रॉइडचा कॅन्सर होतो का?

सगळ्यात जास्त भीती याच प्रश्नाची, म्हणून थेट उत्तर. साध्या फायब्रॉइडचे पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होते असे सहसा घडत नाही. गर्भाशयाच्या स्नायूचा कॅन्सर, लायोमायोसार्कोमा, हा वेगळा आणि दुर्मीळ आजार आहे. तो बहुधा स्वतंत्रपणे सुरू होतो. फायब्रॉइड समजून ऑपरेशन झालेल्या काही शे स्त्रियांमागे एखादीत असा लपलेला कॅन्सर सापडतो. पाळी बंद झाल्यावर गाठ वाढू लागली तर डॉक्टर सावध होतात ते म्हणूनच. पण पस्तीस वर्षांच्या बाईला दोन सेंटिमीटरच्या फायब्रॉइडसाठी ‘आज काढली नाही तर उद्या कॅन्सर’ असे सांगणे शास्त्राला धरून नाही.

फायब्रॉइडचा रोजचा खरा त्रास आहे तो रक्त जाण्याचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. त्यात दर महिन्याला भरमसाट पाळी आली तर बाई खंगत जाते. म्हणून गाठीच्या आकाराइतकाच हिमोग्लोबिनचा आकडा महत्त्वाचा.

उपचाराचे शब्द, आणि सहीचा अर्थ

काढण्याआधीच्या पायऱ्या बऱ्याच आहेत. लोहाच्या गोळ्या, रक्त कमी करणारी औषधे, हार्मोनच्या गोळ्या, हार्मोन सोडणारी तांबीसारखी गर्भाशयात बसवायची वस्तू, गाठ आकसवणारी इंजेक्शने, आणि काही मोठ्या रुग्णालयांत गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याची पद्धत. ‘मायोमेक्टॉमी’ म्हणजे फक्त गाठ काढणे, पिशवी ठेवणे. ‘पॉलिपेक्टॉमी’ म्हणजे फक्त पॉलिप काढणे. ‘हिस्टरेक्टॉमी’ म्हणजे पिशवीच काढणे.

हिस्टरेक्टॉमीतही फरक आहेत. ‘टोटल’ म्हणजे पिशवी आणि तिचे तोंड. ओव्हरी त्यात येत नाहीत. ‘सबटोटल’ म्हणजे तोंड ठेवून बाकी पिशवी काढणे. अशा बाईला तोंडाच्या कॅन्सरची तपासणी पुढेही करावी लागते. डिस्चार्ज कार्डावर ‘बीएसओ’ ही अक्षरे असतील तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही ओव्हरीही काढल्या आहेत. तिशी-चाळिशीत ओव्हरी गेल्या की पाळी बंद होण्याचे सगळे परिणाम एकदम येतात. अंगातून गरम वाफा येतात, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ‘पिशवी काढल्यापासून अंगात ताकद नाही’ असे सांगणाऱ्या मावशीच्या कार्डावर ही तीन अक्षरे आहेत का, ते बघा. असतील तर तिला हाडांसाठी आणि हार्मोनसाठी डॉक्टरांचा सल्ला मिळायला हवा.

संमतीपत्राबाबत जानेवारी २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावा. एका स्त्रीने दुर्बिणीच्या तपासणीसाठी संमती दिली होती. ती भूल दिलेल्या अवस्थेत असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि ओव्हरी काढण्यात आल्या. न्यायालयाने स्पष्ट केले की तपासणीची संमती ही ऑपरेशनची संमती होत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज नसेल, तर सज्ञान स्त्रीच्या शरीराबाबत तिचीच संमती लागते, तीही पर्याय आणि धोके समजावून सांगितल्यानंतर. नवऱ्याची, आईची किंवा मुकादमाची सही तिच्या सहीची जागा घेऊ शकत नाही.

हे मात्र टाळू नका

पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी पडला, संबंधानंतर रक्त आले, दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाला, पाळी बंद झाल्यावर पोटातली गाठ वाढू लागली, पाळी चुकल्यावर पोटात जोरात दुखून रक्त जाऊ लागले, किंवा रक्त जाऊन जाऊन दम लागू लागला, तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पोटात जोरात दुखणे आणि दम लागणे यांत त्याच दिवशी जा.

आपण काय करू शकतो

रिपोर्ट आता फोनवर येतात आणि घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी ते उघडते. आईचा रिपोर्ट वाचायला मुलगा लाजतो, आई त्याला विचारायला लाजते. ही लाज आपल्याला परवडणारी नाही. नर्सिंग, फार्मसी, प्रयोगशाळेचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या वस्तीतील मुला-मुलींनी महिन्यातून एक दुपार महिला मंडळासाठी द्यावी, आणि आशाताईंना सोबत घेऊन रिपोर्ट वाचायला बसावे. निदान करायचे नाही, शब्द वाचून दाखवायचे. आणि डॉक्टरांना विचारायचे हे प्रश्न कागदावर लिहून द्यायचे:

१. गाठीचे नाव काय? ते कागदावर लिहून द्याल का?
२. ती कुठल्या थरात आहे आणि किती सेंटिमीटरची आहे?
३. मला होणारा त्रास याच गाठीमुळे आहे का?
४. कॅन्सरची शंका असेल तर कशावरून? बायोप्सी केली का?
५. माझे हिमोग्लोबिन किती आहे?
६. औषधांनी किंवा फक्त गाठ काढून भागेल का? थांबले तर काय होईल?
७. पिशवी काढायची असेल तर ओव्हरी ठेवणार का? काढलेला भाग तपासायला पाठवणार का?

तातडी नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येते. स्वतःच्या उपचाराची कागदपत्रे मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत ती द्यावी लागतात. सोनोग्राफी, बायोप्सीचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड या तीन गोष्टी प्रत्येक बाईच्या घरी एका प्लास्टिकच्या पिशवीत, रेशन कार्डाशेजारी असाव्यात.

सात प्रश्न विचारल्यावर चांगला डॉक्टर चिडत नाही, उत्तर देतो. जो ‘तुम्हाला काय कळतंय त्यातलं’ म्हणतो, त्याच्यासमोर सही करण्याआधी आपल्या मावशीला, वहिनीला एवढेच सांगा: ‘थांबा, आधी नाव विचारूया.’